माह्या नावाचं आवतन

मी बोलाले उभा राह्यलो का लोक आधीच दात काढून बसतात. तुम्हीही बसले असान. म्हणान, हा नकला करणारा पोट्टा, आता आर्णीच्या बसस्टँडवरचा कंट्रोलर काढन, नाकातून बोलणारे गणिताचे सर काढन, कुकरची शिट्टी काढन. काढतो ना, सगळं काढतो. शिट्टी तर अशी काढतो का शेजारची काकू गॅस बंद कराले उठते. पण आज ते नाही.

आन यवतमाळ जिल्हा, गाव, वावर, मराची गोष्ट असं म्हणलं का तुमच्या डोळ्यापुढं जे चित्र येते, तेही बाजूले ठेवा. त्या वर्षी कापसाची पऱ्हाटी कमरेले लागली होती, सोयाबीन शेंगायनं लदलं होतं. ज्या घराची गोष्ट सांगून राह्यलो त्या घरी ट्रॅक्टर होता, कूलर होता, दारात नवी फटफटी होती. त्या घरात जे कमी होतं ते वावरात पिकत नाही.

माह्या दोस्ताची गोष्ट हाये. तो जिवंत हाये, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही शेवटापर्यंत जीव मुठीत धरून बसान. पण जिवंत हाये म्हणजे सगळं बरं हाये, असंही समजू नका.

नकला कराच्या म्हणजे माणूस ऐकावा लागते. लोकायले वाटते आवाज गळ्यातून काढाचा असते. तसं नाही. माणूस श्वास कुठं घेते, कोणत्या शब्दावर अडते, बोलाच्या आधी काय करते, तेवढं धरलं का आवाज मागून आपोआप येते. मी पाचवीपासून हाच धंदा करून राह्यलो. आन पाचवीपासून तो माह्या बाजूले बसत होता.

त्याची सवय अशी का बोलाच्या आधी डावा खांदा आत घ्याचा. कोणी मागून हाक मारली का आधी खांदा हाले, मान मंग फिरे. मी ते वर्गापुढं करून दाखवलं. सारे हसले. तोही हसला, म्हणे, अजून कर. मले वाटलं, ही याची स्टाईल हाये.

ती स्टाईल नव्हती. त्यायच्या बैलाच्या कोठ्यात आड्याले एक तुतारी खोचलेली राहे. तुतारी म्हणजे बैल हाकाची काठी. ती बैलापेक्षा त्याच्याच अंगावर जास्त पडे. दूध सांडलं, मार्क कमी आले, बैलाच्या गळ्यातलं घुंगरू हरवलं, काहीही. घुंगरू हरवलं तवा तर बापानं त्याले दावणीलेच बांधलं होतं, बैलाच्या शेजारी, दिवे लागेपर्यंत. माय होती तवा ती मधात पडे, मंग तिलेही बसे. तो दुसरीत असताना ती माहेरी निघून गेली. धाकट्या बहिणीले काखेत घेऊन गेली. पोरगं वंशाचं म्हणून बापानं सोडलं नाही, आन तिनंही ओढून नेलं नाही. तो फाटकात उभा राहून बस दिसेनाशी होईपर्यंत पाहत होता, हे मले त्यानं नाही, गावानं सांगितलं.

गावाले सगळं माहीत होतं. आमच्याकडं पोट्टं वाढवाचं म्हणजे त्यात मार आलाच, असंच समजतात. मलेही माह्या माईनं उलथन्यानं हाणलं हाये. पण माईनं हाणलं का मी आळीभर तिचीच नक्कल करत फिरे, आन ती माह्या मागं ताट घेऊन फिरे. त्याच्या घरी मार झाल्यावर कोणी जेवाले बोलवत नव्हतं. फरक एवढाच होता. पण तो केवढा होता, ते मले लय उशिरा समजलं.

वर्षातले दोन दिवस मात्र त्याचे होते. पोळा, आन त्याच्या आदला दिवस. आदल्या दिवशी सांजच्याले बैलाचे खांदे गरम पाण्यानं शेकतात, हळद आन तूप चोळतात. सालभर जू वागवून तिथं गाठी आलेल्या असतात. मंग बैलाच्या कानापाशी तोंड नेऊन सांगाचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. ज्यानं आवतन दिलं, त्यानंच दुसऱ्या दिवशी आपल्या हातानं पुरणपोळी चाराची, हा त्यायच्या घरचा नेम. आन या दोन दिवसात बैलावर काठी उगारत नाहीत. त्याचा बाप नेमाचा पक्का. तुतारी आड्याची काढून कोठ्याच्या टिनावर फेकून देई. टिनावर गेलेली काठी पोराले हाणाले कोण उतरवते? म्हणून त्याले पोळा दिवाळीहून जास्त आवडे. नवीन कॅलेंडर लागलं का आधी पोळा कधी हाये ते पाहे. आवतन लहानपणापासून तोच देई. बैल त्याच्या हाताले इतके सवकले होते का दुसऱ्याच्या हातची पोळी हुंगून सोडून देत.

दहावीनंतर तो बापाच्या उंचीले आला. एक दिवस बापानं तुतारी उचलली आन यानं ती वरच्या वर धरली. नुसती धरली. त्यानंतर मार बंद. गाव म्हणे, सुटला पोट्टा. मलेही तेच वाटलं. आम्ही आर्णीत जाऊन आलूबोंडे खाल्ले, मी त्याच्या बापाचा पडलेला चेहरा करून दाखवला, लय हसलो.

आन बिघडलं ते त्याच्यानंतर.

बारावीत गेलो तसा तो हळूहळू विझत गेला. झोप येत नाही म्हणे. मैदानावर येणं सोडलं. बॅट मले देऊन टाकली, इयरफोन चुलतभावाले दिले, म्हणे, कायले ठेवू. लोक म्हणत, पोट्टा सुधारला, आता अभ्यास करन. आमच्या घरी भाकर खाताना माह्या माईले म्हणे, काकू, मी नसलो का तुमचं पीठ वाचन. सारे हसले. जोक चांगला होता. मी तो पुढं दोन जागी वापरला.

एक गोष्ट मात्र मले खुपत होती. मले त्याचा आवाज काढता येईना. वर्गातले पोट्टे म्हणत, याची कर ना, आन मी तोंड उघडलं का काही येतच नव्हतं. आवाज सपाट झालता. शेवटी चढत नव्हता, मधात अडत नव्हता. आन खांदा हालणं बंद झालतं. मागून ट्रकवाल्यानं हॉर्न मारला तरी जसाच्या तसा. धराले काही ठेवलंच नव्हतं त्यानं.

कॉलेजातून येताना गावाच्या अलीकडं नाल्यावर रपटा हाये, बुटका पूल. आम्ही तिथं पाय सोडून बसत होतो. एक दिवस म्हणे, माह्या बापाचा आवाज काढ. तो तर माह्या हातचा मळ. आधी घसा खाकरला, मंग म्हणलं, 'कुठं मेलता बे?' तो हसला नाही.

म्हणे, 'तसं नाही. जेवला का बाबू, असं म्हणून दाखव.'

मी म्हणून दाखवलं. त्याच आवाजात, तसाच घसा खाकरून. तो पाण्याकडं पाहत राह्यला. म्हणे, पुन्हा. मी पुन्हा म्हणलं. अजून एकदा म्हणाले लागला तवा मी म्हणलं, हाट, बोर झालं, चाल घरी. बोर नव्हतं झालं, मले भेव वाटून राह्यलं होतं. त्याच्या बापानं जे वाक्य जन्मात त्याले म्हणलं नव्हतं, ते माह्या तोंडून इतकं बरोबर बसलं होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी पोळ्याच्या आदला, खांद्याचा दिवस आला. मी दरसाल त्यायच्या कोठ्यात हजर राहत होतो, पाणी आणून द्याले नाही, बैलाची नक्कल कराले. त्याचा बाप बाजीवर बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होता. तुतारी टिनावर गेलती. दोस्तानं गरम पाण्यानं खांदे शेकले, हळद चोळली. लय वेळ चोळली. गाठीवर बोटं फिरवत राह्यला. मंग बैलाचा कान धरून वाकला आन म्हणे, 'आज आवतन घ्या.' थांबला. माह्याकडं बोट केलं. 'उद्या याच्या हातून जेवजा.'

बाप बाजीवरून हसला. म्हणे, 'काहून, तुह्यं काय उद्या लगन हाये का?'

मीही हसाच्या तयारीत होतो. बापाचं वाक्य त्याच्याच आवाजात परत मारणार होतो, जिभेवर आलं होतं. पण ते तिथंच राह्यलं. जो पोट्टा कॅलेंडरात पहिले पोळा पाहे, तो पोळ्याच्या दिवशी आपल्या बैलाले माह्या हवाली करून राह्यला होता.

तो हौदावर हात धुवाले गेला. मी मागं गेलो. विचारलं, उद्या कुठं जाऊन राह्यला. म्हणे, कुठं नाही. मंग आवतन माह्या नावानं काहून? तो हात चोळत राह्यला. हळद निघत नव्हती.

मंग मी विचारलं. सरळ विचारलं.

'तुले मराचं हाये का?'

'हव,' म्हणे.

चहा घेतला का विचारल्यावर म्हणतात तसं.

मंग तो बोलला, लय दिवसांनी एवढं बोलला. त्याचा कोणावर राग नव्हता. बापावरही नाही. या घरात आपण जास्तीचे आहोत, एवढं त्याले लहानपणीच समजलं होतं म्हणे. मायनं धाकटीले उचललं आन याले ठेवलं. बापानं ठेवून घेतलं आन हाणलं. मार चालू होता तवा वाटे, हा थांबला का बरं होईन. मार थांबला. बरं झालं नाही. मंग आता काय थांबाची वाट पाहाची, असं त्यानं मले विचारलं. माह्यापाशी जोक सोडून दुसरं काही राहत नाही. त्या दिवशी जोकही नव्हता.

'माह्या माईची आन हाये तुले,' तो म्हणे. 'कोणाले सांगू नको.'

आमच्याकडं माईची आन मोडली का ते त्या माईवर येते, असं मानतात. आन ती माय, जी त्याले फाटकात सोडून गेली, तिच्यावर काही येऊ नये असं त्याले तवाही वाटत होतं.

मी म्हणलं, मुतून येतो. कोठ्याच्या कोपऱ्यावर उभा राह्यलो, तिथून तो दिसत होता. त्याच्यावरची नजर न काढता माह्या माईले फोन लावला, त्याची आन मोडली.

पण मोडून फायदा काय? माह्या फोनवर विश्वास कोण ठेवन? मागच्याच महिन्यात मी सरपंच होऊन तिले घरकुल मंजूर झालं म्हणून सांगितलं होतं, तिनं आळीत चहा पाजला होता. आता मी रडत होतो, शब्द नीट येत नव्हते, आन ती म्हणे, हा कोणाचा आवाज काढून राह्यला नवीन? मी म्हणलं, माय, सोंग नाही, तो मराचं म्हणून राह्यला, तू ये. ती म्हणे, पुरण शिजून राह्यलं, मले वेळ नाही तुह्या सोंगाले. फोन कट.

मी तसाच उभा. इतक्या वर्षात मी साऱ्या गावाचा आवाज काढला, आन माह्या आवाजाची बारी आली तवा माह्या माईलेच तो ओळखू आला नाही.

तरी ती आली. पुरणाचे हात पदराले पुसत, पायात एक चप्पल तिची, एक माह्या बापाची. नंतर मी विचारलं, तुले खरं कसं वाटलं? म्हणे, सोंग केलं का तू शेवटी हसतंच. तू हसला नाही. मी डाळ उतरवली आन निघाली.

तिनं आधी त्याच्याकडं पाह्यलं, मंग सरळ बाजीपाशी गेली. त्याच्या बापाले म्हणे, 'भाऊ, पोरगं आज माह्या घरी जेवते आन तिथंच राह्यते.' सणाचं पोरगं दुसऱ्याच्या घरी कायले, असं तो म्हणाले लागला, तवा तिनं आवाज न वाढवता त्याले काय ते सांगितलं. त्याचा खर्रा घोटणारा हात थांबला. मंग वर टिनाकडं पाहत म्हणे, 'मी आता हात तरी लावतो का त्याले?'

'नाही लावत,' माय म्हणे. 'पण त्याले अजून लागते.'

त्या घरात जे उघड्यावर नसाले पाहिजे ते तिनं कुलपात टाकून घेतलं, आमच्याही घरचं टाकलं, आन किल्ल्या कमरेले खोचल्या. आन त्याले एकट्याले सोडलं नाही. तो संडासले गेला तरी मी बाहेर गाणे म्हणत उभा. आतून म्हणे, बंद कर बे. तेवढ्यानंही मले बरं वाटलं.

पोळ्याच्या दिवशी बैलाले मी चारलं. आवतन माह्या नावाचं होतं, बैलाले सांगून झालं होतं, ते फिरवता येत नव्हतं. तो आला नाही. आमच्या घरात भिंतीकडं तोंड करून पडला होता, माय त्याच्या पायथ्याशी बसून तांदूळ निवडत होती. गावातून वाजंत्री गेली, बेगड लावलेले बैल गेले, तो उठला नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीले, उमरखेडहून त्याची आत्या आली. ती आन माही माय त्याले यवतमाळच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. मी संग होतो, बाकड्यावर. मनाच्या डॉक्टरीणबाई होत्या. तिथं त्यानं जे सांगितलं ते त्याचं हाये, मी विचारलं नाही. बाईनं आम्हाले एवढंच समजावलं का ज्याले लहानपणी घरातल्याच माणसाचं भेव वाटलं, त्याचं मन मार थांबल्यावरही पहारा देत राहते, आन पहारा देऊन देऊन थकते. आपण कोणाले नकोत हे त्याले इतक्यांदा शिकवलेलं असते का ते त्याले आपलंच मत वाटाले लागते. म्हणे, हे नाटक नाही, लाडही नाही, हे दुखणं हाये, आन याले इलाज असते. मी घाबरत विचारलं, मॅडम, मी त्याले मराचं हाये का असं तोंडावर विचारलं, म्हणून तर वाढलं नाही ना? त्या म्हणाल्या, विचारल्यानं ते डोक्यात येत नाही. येऊन बसलेलं असते, विचारल्यानं बाहेर निघते.

आत्या त्याले उमरखेडले घेऊन गेली. तिकडंच कॉलेज, तिकडंच गोळ्या, महिन्याच्या महिन्याले यवतमाळ. काही हप्ते चांगले जात. काही हप्ते तो खोलीतून निघत नव्हता आन आत्या दाराबाहेर बसून भाजी निवडे. मी फोन केला का म्हणे, झोपला हाये बेटा. मले माहीत होतं झोपला नसन. वर्गात माह्या बाजूची जागा तशीच रिकामी होती. गावात बोलत, बापाची इज्जत घालवली पोट्ट्यानं. त्याले दावणीले बांधलं होतं तवा कोणाची इज्जत गेली नव्हती.

थंडी लागली तवा एक दिवस त्याचा बाप मले फाट्यावर भेटला. कडूलिंबाखाली उभा होता, हातात पिशवी. लोक मले पाहून हसतात, तो हसला नाही. घसा खाकरला. म्हणे, 'त्याचा आवाज काढतो का जरा?'

मले वाटलं चुकून ऐकलं. तो खाली पाहून म्हणे, उमरखेडले बहिणीकडं फोन लावतो, तो येतच नाही फोनवर.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण माह्यापाशी होता तो पाचवीतल्या पोट्ट्याचा आवाज, खांदा आत घेणाऱ्याचा, आन तो मी त्याच्या बापापुढं कसा काढू? मी म्हणलं, काकाजी, मले येत नाही. त्यानं मान हालवली. बस आली. पायरीवर पाय ठेवता ठेवता, कोणीही कोणाले विचारते तसं मले म्हणे, 'जेवला का?'

त्या गळ्यातून ते वाक्य मी पह्यल्यांदा ऐकलं. मी रपट्यावर काढत होतो त्याच्यापेक्षा बारीक होतं. हे मी दोस्ताले अजून सांगितलं नाही. सांगाचं का नाही, तेही समजत नाही.

त्यानंतर मी उमरखेडले गेलतो. आत्यानं दार उघडलं आन नुसतं मागच्या अंगणाकडं बोट केलं. तो तिथं तुरीच्या शेंगा सोलत बसला होता. वाळला होता. गोळ्यायनं डोळे जड झाले होते. मले पाहून उठला नाही. मी बाजूले बसलो, शेंगा सोलाले लागलो. येताना बसमध्ये आठ-दहा जोक तयार केले होते, एकही काढला नाही.

लय वेळानं त्याचा डावा खांदा आत गेला. मी शेंग हातात धरून थांबलो.

'माह्या माईची आन होती ते,' तो म्हणे. 'तू मोडली.'

'हव, मोडली.'

'हव म्हणते साला. तुले लाज नाही. मी तुले एकट्याले सांगितलं होतं आन तू तुह्या माईले आणलं. तुह्या माईनं माह्या बापाले सांगितलं. साऱ्या गावाले माहीत पडलं. इथं आत्या मले संडासात पण कडी लावू देत नाही, तुह्यामुळं. माह्या माईले काही झालं असतं तर? मी धा दिवस वाट पाहिली तिकडून फोन येते का म्हणून. आन चारलं काय तू बैलाले? चुलतभावानं व्हिडिओ पाठवला मले. तुकडे करून चारत होता. बैलाले पोळी तुकडे करून चारतात का बे? अख्खी द्याची असते, तळहातावर, बोटं सरळ ठेवून. भेकड कुठचा. तो हुंगून सोडून देत होता आन तू कॅमेऱ्याकडं पाहून दात काढून राह्यला होता. मी पुढच्या पोळ्याले येईन का नाही ते मी तुले सांगत नाही. कोणालेच सांगत नाही. पण तुकडे केले तर पाहून घेईन. आन शेंगा नीट सोल, अर्धे दाणे टरफलातच टाकून राह्यला.'